नकाशात जांभळी, गॅलरीत पिवळी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या वर्कशॉपच्या फाटकाशी आवाज भरतो ६८ डेसिबल. समोरच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तोच भरतो ६१. दोन्ही आकडे मी स्वतः मोजलेले आहेत. आधी मुलीने मोबाइलवर ॲप टाकून दिले. त्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून ओळखीच्या एका इंजिनिअरकडून खरे मीटर दोन दिवसांसाठी मागून आणले. फरक दोन-तीन आकड्यांचाच निघाला. आता एका कार्यालयातून मला नोटीस आली आहे की हा आवाज मर्यादेबाहेर आहे, खुलासा करा. लेथ तीच, शेड तेच, माणसेही तीच. बदलले आहे ते समोरचे आवार.

मी खरादवाला, म्हणजे लेथवर लोखंडाचे भाग कातणारा. सतराव्या वर्षी नागपुरातल्या बगडगंजच्या स्मॉल फॅक्टरी एरियात एका उस्तादाच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागलो. पहिले वर्ष बुरादा झाडण्यात आणि चहा आणण्यात गेले, दुसऱ्या वर्षी चकवर, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब बांधायला मिळाला. पुढे भाड्याच्या शेडमध्ये एक जुनी लेथ टाकली. २००१ साली पतसंस्थेचे कर्ज काढून कळमन्याच्या बाजूला हा प्लॉट घेतला. घेताना माझ्या हुशारीप्रमाणे सगळे पाहून घेतले. शहराची विकास योजना नुकतीच, जानेवारी २००० मध्ये, मंजूर झाली होती. जमीन कोणत्या वापराची आहे हे सांगणारा झोन दाखला काढला, योजनेतला आपल्या भागाचा नकाशा, म्हणजे भाग नकाशा, काढला. रहिवासाचा रंग पिवळा, व्यापाराचा निळा, उद्योगाचा जांभळा, शेतीचा हिरवा. माझा प्लॉट जांभळा, आजूबाजूचेही सगळे जांभळे. समोर तेलाची गिरणी होती आणि तिचा आवाज माझ्या चार लेथांना गिळून टाकायचा. आपण आवाज करणारा धंदा करतो तर आवाजाच्या जागीच बसावे, एवढा साधा हिशेब.

ती गिरणी बंद पडली. काही वर्षे आत बाभळी वाढल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रो प्रजापतीनगरपर्यंत धावायला लागली आणि पूर्व नागपुरातल्या जमिनीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. मग एके दिवशी बाभळी तुटल्या, पत्रे ठोकले गेले, आणि पाहता पाहता तीन इमारती उभ्या राहिल्या.

हे चोरून झालेले नाही, हे आधी सांगतो. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. औद्योगिक पट्ट्यातली जमीन योग्य त्या अधिकाऱ्याच्या परवानगीने घरांसाठी किंवा दुकानांसाठी वापरायची मुभा तिच्यात आहे. बंद कारखाना असेल तर कामगारांच्या देण्यांबाबत कामगार खात्याचा दाखला लागतो. उद्योग आणि घरे यांच्यात जे अंतर सोडायचे ते नव्या बांधकामाच्याच जमिनीतून सोडावे, असेही त्यात लिहिले आहे. अट चांगली आहे आणि न्यायाची आहे. समोरच्यांनी अंतर सोडलेही आहे. तिथे आता गाड्या उभ्या राहतात.

माझी तक्रार त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होते. नकाशाच बदलायचा असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम ३७ आहे. राजपत्रात सूचना निघते, हरकतींना एक महिना मिळतो, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना नोटीस जाते, सुनावणी होते, मग सरकारची मंजुरी. पण वापरबदलाची ही परवानगी म्हणजे नकाशातला बदल नव्हे. नकाशात गिरणीची जागा आजही जांभळीच आहे. त्यामुळे हरकतींचा महिना नाही, सुनावणी नाही आणि शेजाऱ्याला कागदही नाही. समोर घरे येणार हे मला पत्र्यावर चिकटवलेल्या फ्लॅटच्या जाहिरातीवरून कळले.

आता गंमत पाहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यांत दिवसाची मर्यादा औद्योगिक क्षेत्रात ७५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि रहिवासी क्षेत्रात ५५. रात्री दहानंतर अनुक्रमे ७०, ५५ आणि ४५. म्हणजे त्या गॅलरीतले माझे ६१ जांभळ्या हिशेबाने बसतात, निळ्यातही बसतात, फक्त पिवळ्यात बसत नाहीत. नकाशा म्हणतो जांभळे, नोटीस म्हणते पिवळे. मी कार्यालयात जाऊन विचारले, साहेब, कोणता रंग धरायचा? साहेब भले माणूस होते. त्यांनी नियमावली उघडली, बरीच पाने उलटली आणि म्हणाले, "काका, तुम्ही खुलासा तर द्या."

डेसिबलचा हिशेब फुटपट्टीसारखा नसतो, हेही या निमित्ताने शिकलो. दहाने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, विसाने वाढला की शंभरपट. ७५ वरून ५५ वर या, असे म्हणणे म्हणजे ज्याला काल शंभर रुपये खर्चायची परवानगी होती त्याला आज एका रुपयात घर चालव म्हणणे. लेथला तेल पाजून एवढे होत नाही.

समोर राहायला आलेल्या माणसांवर माझा राग नाही. पहिल्यांदा एक जोडपे आले, कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी. मुलगा हात जोडून म्हणाला, "काका, पोरगी दुपारची झोपूनच नाही राहिली. थोडं पाहा ना." मी त्यांना आत बोलावून बसवले, चहा मागवला. त्याने बोलता बोलता फ्लॅटचे रंगीत पुस्तक दाखवले. त्या चित्रात तिन्ही इमारती होत्या, पोहण्याचा तलाव होता, आणि माझे शेड जिथे आहे तिथे दाट झाडी काढलेली होती. माझा कॉम्प्रेसर आहे नेमक्या त्या जागी एक आंबा होता, फळांनी लदलेला. मुलगी बापाच्या खांद्यावर डोके ठेवून लेथकडे टक लावून पाहत होती. तिला मात्र आवाजाचे काही वाटत नव्हते. "आम्हाला सांगितलंच नाही ना कोणी," तो म्हणाला. मी म्हटले, मला तरी कोणी सांगितले, राजा?

त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार ग्राइंडर बंद ठेवतो. मागच्या बाजूला विटांची भिंत चढवली, कॉम्प्रेसर तिच्याआड नेला. माझ्याही चुका होत्या. तुरीच्या हंगामात डाळ मिलांसाठी रात्री अकरापर्यंत काम चालायचे, तेही शटर उघडे टाकून. पत्र्याच्या शेडमध्ये दुसरे करणार काय. तेव्हा ऐकायला कोणी नव्हते, म्हणून खपून गेले. आता रात्री आठला काम बंद म्हणजे बंद.

आणखी एक, आपल्या नागपूरकर वाचकांनाच पटेल असे. मे महिन्यात माझ्याविरुद्ध एकही तक्रार येत नाही. सगळी शटर सताड उघडी असतात, तरी नाही. कारण समोर प्रत्येक गॅलरीत एकेक डेझर्ट कूलर घरघरत असतो आणि त्याच्यापुढे माझी लेथ म्हणजे भजन. मीटर हातात होते तेव्हा पानठेल्यामागच्या एका कूलरसमोर धरून पाहिले, ७० च्या वर गेले. तक्रारी येतात नोव्हेंबरात, कूलर झाकून ठेवल्यावर. त्याचा अर्थ आवाज खोटा आहे असा नाही. दिवाळीनंतरच्या गार शांततेत लोखंडावर टूल फिरल्याची किरकिर कानात जाते, मलाही जाते.

नियम सुधारायचेच असतील तर मोजायचे काय, इथून सुरुवात करावी लागेल. रहिवासी भागात कोणते लहान उद्योग चालतील याचे तक्ते नियमांत वर्षानुवर्षे आहेत. पिठाची चक्की, शिंप्याचे दुकान, बेकरी, असे एकेक नाव आणि पुढे किती अश्वशक्ती, किती माणसे, किती जागा. पण अश्वशक्ती आणि त्रास यांचा संबंध फार सैल आहे. माझी तीन अश्वशक्तीची लेथ दिवसभर गुणगुणते. हातातला ग्राइंडर एक अश्वशक्तीचाही नसतो, पण तो लोखंडाला लागला की चौकापर्यंत ऐकू जातो. आणि आजच्या बंद पेटीतल्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला मोटार दहा अश्वशक्तीची असली, तरी शेजारी बसून हिशेब लिहिता येतो. दहा मिनिटांत किराणा घरपोच देणाऱ्यांचे एक गोदाम माझ्या राहत्या गल्लीत आहे. तिथे मशीन नाही, अश्वशक्ती शून्य, कागदावर दुकान. पहाटे सहापासून रात्री बारापर्यंत चाळीसेक मोटारसायकली गल्लीत हॉर्न मारत फिरतात. त्या गल्लीत जर मी अर्धा अश्वशक्तीचे ड्रिल लावले तर ते तक्त्यात शोधावे लागेल.

लोक मला सांगतात, काहून भांडता, बुटीबोरीला जा. जागा मोठी, रस्ते मोठे. सांगणाऱ्यांना माझे काम माहीत नसते. माझे गिऱ्हाईक म्हणजे डाळ मिल. कळमना बाजारात तूर येते, चणा येतो, आणि त्याभोवती मिली आहेत. तूर थेट फुटत नाही. आधी एमरी चढवलेल्या रोलरवर तिच्या सालीवर ओरखडे पाडायचे, मग तेल चोळायचे, ढिगात मुरू द्यायची, वाळवायची, पुन्हा रोलर, मग साल सुटते आणि डाळ दुभंगते. हे रोलर झिजतात, त्यांचे शाफ्ट वाकतात, एलिव्हेटरचे बुश खाल्ले जातात, पुलीचा की-वे, म्हणजे चावी बसायची खाच, मोकळा होतो. सकाळी अकराला मिलवाल्याचा फोन येतो, "भाऊ, शाफ्ट गेला. गाड्या उभ्या हायेत. काहीबी कर, पण संध्याकाळी मिल चालली पाहिजे." मोडका शाफ्ट छोट्या टेम्पोतून वीस मिनिटांत माझ्याकडे येतो. माप घ्यायचे, स्टॉकमधला ईएन-८ पोलादाचा रॉड कापायचा, फेसिंग, टर्निंग, बेअरिंगची बैठक मायक्रोमीटर लावून उतरवायची, की-वे काढायचा. पाच वाजेपर्यंत शाफ्ट परत मिलमध्ये. बुटीबोरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वर्धा रोडवर तीसेक किलोमीटर. पूर्वेकडून शहर ओलांडून तिथे जाऊन यायला अर्धा दिवस, म्हणजे मिल दुसऱ्या दिवशीच चालू होणार. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलवाल्यांना तर भंडारा रोडने सरळ येता येते म्हणून ते माझ्याकडे येतात. मी बुटीबोरीला गेलो तर त्यांना अजून एक शहर पार करावे लागेल.

माझ्याकडे सहा माणसे आहेत. दोघे सायकलने येतात. एक टर्नर सिवनीकडचा, पारडीत खोली करून राहतो. वर्कशॉप हलले तर त्यांचे काय, हे कोणत्याच तक्त्यात नाही.

माझा भाचा अमेरिकेत एका लहानशा काउंटीत राहतो. मी फोनवर रडगाणे लावले तर म्हणाला, मामा, आमच्याकडेही सध्या हेच चालले आहे, काउंटीने व्यापारी आणि औद्योगिक जमिनीचे नियम बदलायला काढले आहेत. मी विचारले, तुला कसे कळले? म्हणाला, जमिनीचा झोन बदलायचा अर्ज आला की त्याच जमिनीवर मोठी पाटी लागते, काय बदलणार, सुनावणी कधी, कुठे. शिवाय ठरलेल्या अंतरातल्या मालकांना टपालाने पत्र येते, आणि सुनावणीत कोणीही उठून दोन-तीन मिनिटे बोलू शकतो. त्याने असेही सांगितले की शेतीबाबत तिथल्या पन्नासही राज्यांत कायदे आहेत. आधीपासून नीट चालत असलेल्या शेताशेजारी कोणी नंतर राहायला आला आणि शेणाच्या वासाची किंवा ट्रॅक्टरच्या आवाजाची तक्रार घेऊन कोर्टात गेला, तर ते कायदे शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहतात. तिकडे सगळे गोडच असेल असे मी म्हणत नाही. डुकरे पाळणाऱ्या मोठमोठ्या कारखान्यांनीही त्याच कायद्याची छत्री धरली, हेही त्यानेच सांगितले. पण पाटीची गोष्ट माझ्या डोक्यात बसली. पाटीला खर्च किती? पत्रा आणि रंग. मी वेल्डिंग फुकट करून देतो.

नगररचना कायद्यानेच वीस वर्षांतून एकदा विकास योजनेची उजळणी सांगितली आहे आणि २००० ची योजना ती वीस वर्षे केव्हाच ओलांडून गेली. नवी योजना आणि नवे नियम करणाऱ्यांपुढे माझे म्हणणे एवढेच की, जांभळ्या जमिनीवर घरांना परवानगी देतानाच शेजारच्या चालू वर्कशॉपचा प्रश्न त्या परवानगीत सोडवा, नंतर नोटिशीवर सोडवू नका. त्या इमारतीला आवाजाची कोणती मर्यादा लागू, जांभळी, निळी की पिवळी, हे परवानगीच्या कागदावर आकड्यात लिहा. अर्ज आला की पाटी लावा, मराठीत, आणि शेजाऱ्यांना बोलावून विचारा की तुम्ही काय चालवता, किती वाजेपर्यंत चालवता. जो नंतर येतो त्याने शांततेची सोय आपल्या नकाशात करून आणावी. हे अवघड नाही. समोरच्या तीन इमारतींत दुकाने आहेत, पण ती मुख्य रस्त्याकडे तोंड करून, आणि झोपायच्या खोल्या नेमक्या माझ्याकडे. दुकाने, जिने, पाण्याच्या टाक्या, गाड्यांची मजलेवार सोय हे सगळे माझ्या बाजूला घेतले असते तर त्या बाळाची खोली पलीकडे गेली असती. नकाशाच्या भाषेत सांगायचे तर जांभळ्याला लागून एकदम पिवळा नको, मध्ये निळ्याची पट्टी हवी. हे वास्तुविशारदाला कळत नव्हते असे नाही, त्याला तशी अट कोणी घातली नव्हती.

आणि फ्लॅट घेणाऱ्याला खरे सांगा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नोंदणीत इमारतीची सगळी कुंडली असते. तिच्यात आणि विक्रीच्या करारात एक ओळ हवी: पूर्वेस चालू इंजिनिअरिंग वर्कशॉप, कामाची वेळ अमुक ते अमुक. ज्याला चालेल तो घेईल, ज्याला नाही तो नाही घेणार. भाव दोन पैसे कमी येईल म्हणून ही ओळ गाळली जाते, आणि तो दोन पैशांचा हिशेब शेवटी माझ्या आणि त्या मुलाच्या गळ्यात येतो.

या शहराला गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचा, अनुभव आहे. ५७२ ले-आउट आणि १९०० ले-आउट ही अशा वस्त्यांची नावे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. आधी लोक राहायला गेले, मग रस्ते, मग गटारे, मग २००१ च्या कायद्याने नियमितीकरण. तिथे निदान वस्ती आली, मग कागद आला, असा उलटा का होईना क्रम होता. जांभळ्या जमिनीवर तर कागद आधीच होता, माझ्याकडे लॅमिनेट करून ठेवलेला आहे. एम्प्रेस या जुन्या कापड मिलच्या आवारात आज मॉल आहे, त्याचे मला दुःख नाही. १८७७ ची मिल कायम चालणार नव्हतीच. पण गिरणी गेली तरी शहराला शाफ्ट लागतो, बुश लागतो, तोंडातून निघाले की तासाभरात वेल्डिंग लागते. २००० च्या नकाशात किती एकर जांभळी होती, त्यातल्या कितीवर आज घरे आहेत आणि किती अजून उद्योगाला शिल्लक आहे, हा आकडा नियम बदलण्याआधी महापालिकेने आणि सुधार प्रन्यासने फलकावर लावावा. तो आकडा समोर ठेवून मग हवी तेवढी चर्चा करू.

माझ्या नोटिशीवरची सुनावणी येत्या मंगळवारी आहे. भाग नकाशा, झोन दाखला, मीटरचे आकडे आणि फ्लॅटच्या पुस्तकातले ते आंब्याचे पान, एवढे घेऊन जाणार आहे. समोरचा मुलगा म्हणाला, तोही येतो, माझ्या बाजूने की विरुद्ध हे त्याचे अजून ठरलेले नाही. त्या दिवशी वर्कशॉप अर्धा दिवस बंद राहील. मिलवाल्यांनी शाफ्ट जरा सांभाळून चालवावेत.

आपला,
एक खरादवाला
कळमना, नागपूर